बायोमास म्हणू नका, जाळणार काय ते सांगा

प्रति,
जैवभारापासून वीज करण्याचे प्रकल्प आखणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि चालवणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

एका जनसुनावणीला मी लोकांच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो होतो. पडद्यावर हिरवं पान, पानातून निघालेली वायर, वायरीला दिवा. तुमच्यापैकीच एक जण बोलत होते आणि चांगलं बोलत होते. स्वच्छ, हरित, अक्षय, कार्बन न्यूट्रल. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि त्यांनी विचारलं, "जाळणार काय?"

"बायोमास."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जैविक पदार्थ, मॅडम. शेतातले, जंगलातले, कारखान्यांतून निघणारे."

"ते कळलं हो. पण जाळणार काय?"

मंडपात हशा पिकला. व्यासपीठावरच्या साहेबांना वाटलं, बाईंच्या डोक्यात काही शिरत नाहीये. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजवायला घेतलं. मी मात्र चपापलो. आयुष्यातली बारा वर्षं मी अशाच एका वीज केंद्राच्या इंधन यार्डात काढली आहेत, आणि बॉयलरमध्ये उद्या काय जाणार हे आम्हालाही आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की ठाऊक नसायचं. केंद्र बांधलं होतं भाताच्या तुसावर चालेल म्हणून. हंगाम संपला की तूस महाग व्हायचं, मग लाकडाचा भुसा यायचा, मग पिकांची धसकटं, मग झाडांच्या फांद्या, आणि एकदा तर जुन्या फर्निचरचे रंग लावलेले तुकडे आले होते. कागदावर सगळ्याला एकच नाव होतं. बायोमास.

हे पत्र लिहिण्याचं कारण एवढंच आहे की लोक ही वीज का स्वीकारत नाहीत यावर तुमच्या अहवालांमध्ये मी वर्षानुवर्षं एकच उत्तर वाचत आलोय: जनजागृतीचा अभाव. लोकांना माहिती नाही म्हणून ते घाबरतात, पत्रकं वाटली, शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा घेतल्या की विरोध मावळेल. मला हे पटत नाही. माझ्या अनुभवात लोक नको ते विचारत नाहीत. ते नेमकं तेच विचारतात ज्याचं उत्तर तुमच्याकडे तयार नसतं.

युरोपियन युनियनने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या जनमत चाचणीत सौर ऊर्जेच्या बाजूने ८० टक्के लोक होते, वाऱ्याच्या बाजूने ७१ टक्के, बायोमासच्या बाजूने ५५. ब्रिटनच्या सरकारी पाहण्यांमध्येही बायोमास सूर्य-वाऱ्याच्या मागेच राहत आला. याचा अर्थ लोक बायोमासचा द्वेष करतात असा मुळीच नाही. उरलेल्यांत बरेच जण तळ्यात-मळ्यात असतात. सूर्य म्हटलं की सूर्य. वारा म्हटलं की वारा. बायोमास म्हटलं की तुसापासून शंभर वर्षांच्या झाडापर्यंत काहीही. ज्या शब्दात इतकं काही मावतं, त्याच्याखाली सही करायला शहाणा माणूस कचरेलच.

मी या विजेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं तुम्ही वाचणार नाही. शेतात उभं पेटवून दिलं जाणारं काड बॉयलरमध्ये फिल्टर लावून जाळणं केव्हाही बरं. गिरणीमागे कुजत पडलेल्या तुसाच्या ढिगातून घरात दिवा लागत असेल तर तो लागावा. रात्री सूर्य नसतो, वारा पडलेला असतो, तेव्हा साठवून ठेवता येणारं आणि हवं तेव्हा पेटवता येणारं इंधन हाताशी असणं ही लहान गोष्ट नव्हे. पण या चांगल्या गोष्टीच्या आडून जे बाकीचं आत ढकललं जातं, त्याने चांगल्याचीही पत जाते. तुमच्या धंद्याचं खरं नुकसान विरोधकांनी केलेलं नाही.

आता कार्बनकडे येतो, कारण सगळ्यात जास्त थाप तिथे मारली जाते. थाप हा शब्द कडक आहे, पण दुसरा सापडला नाही.

हवामानबदलावरची आंतरसरकारी समिती, म्हणजे आयपीसीसी, देशांना आपापला कार्बन मोजण्यासाठी जे आकडे देते ते उघडून बघा. एक टेराज्यूल (उष्णतेचं एक मोठं माप) उष्णता मिळवायला साधा दगडी कोळसा जाळला तर साधारण ९४.६ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. नैसर्गिक वायू जाळला तर ५६.१ टन. आणि लाकूड जाळलं तर ११२ टन. म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी उभं राहून मोजलं तर लाकूड कोळशाहून जास्त कार्बन सोडतं. मग तुमच्या कार्बन न्यूट्रल पत्रकात बायोमासचा कार्बन शून्य कसा? तर देशांच्या हिशेबात तो ऊर्जेच्या खात्यावर लावायचा नाही, झाड जिथे तोडलं तिथल्या जमिनीच्या खात्यावर लावायचा, असा नियम आहे. एकच कार्बन दोनदा मोजला जाऊ नये म्हणून केलेली ती सोय. हिशेबनीस म्हणून बघितलं तर चूक काहीच नाही. फक्त एका वहीतला शून्य बघून "यातून कार्बन निघतच नाही" असं पत्रकावर छापणं म्हणजे उधारीवर किराणा आणून "घरखर्च शून्य" म्हणण्यासारखं आहे.

तुमचं म्हणणं असतं की झाड परत वाढतं आणि तेवढाच कार्बन परत शोषून घेतं. बरोबर आहे. पण किती वर्षांत? काड यंदा कापलं, पुढच्या वर्षी तेवढंच पुन्हा उगवलं. शिवाय ते जाळलं नसतं तरी कुजून किंवा शेतातच पेटून त्यातला बराचसा कार्बन एक-दोन वर्षांत हवेत गेलाच असता. इथे उधारी फिटायला वेळ लागत नाही. साठ वर्षांचं झाड बॉयलरमध्ये दीड मिनिटात संपतं आणि ते परत उभं राहायला पुन्हा साठ वर्षं लागतात. मधल्या काळात तो कार्बन हवेतच असतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने मॅनोमेट या संस्थेकडून २०१० साली याच प्रश्नावर अभ्यास करून घेतला. तिथल्या जंगलांचा हिशेब असा निघाला की लाकडावरची वीज कोळशावरच्या विजेची जागा घेत असेल तर हे कर्ज फिटायला वीसेक वर्षं लागतील, आणि वायूवरच्या विजेची जागा घेत असेल तर नव्वदहून जास्त. राज्याने २०१२ मध्ये नियम बदलले आणि लाकडापासून नुसती वीज करून बाकीची उष्णता वाया घालवणाऱ्या केंद्रांचं अनुदान जवळपास बंद केलं. २०२१ च्या फेब्रुवारीत पाचशेहून अधिक शास्त्रज्ञांनी अमेरिका, युरोपियन युनियन, जपान आणि दक्षिण कोरियाच्या प्रमुखांना पत्र लिहून सांगितलं की झाडं जाळण्याला कार्बन न्यूट्रल म्हणणं थांबवा. अक्षय ऊर्जेवरच्या २०२३ च्या सुधारित निर्देशात युरोपियन युनियननेही फळ्या कापण्याजोगे ओंडके, बुंधे आणि मुळं जाळायला आर्थिक मदत द्यायची नाही असं ठरवलं.

हे सगळं आज कुणालाही फोनवर दोन मिनिटांत सापडतं. सुनावणीला येणारा कॉलेजातला मुलगा ते वाचून आलेला असतो. तुमची स्लाइड मात्र अजून शून्यावर अडकलेली असते. मग तो मुलगा तुमच्या बाकीच्या नव्याण्णव खऱ्या गोष्टींवर कशाला विश्वास ठेवेल?

बरं, कार्बन हा शिकल्यासवरल्यांचा प्रश्न. रस्त्याकडेला घर असणाऱ्यांचा प्रश्न ट्रकचा असतो, आणि त्याबद्दल तुमच्या अहवालात सहसा एक परिच्छेद असतो, तोही "वाहतुकीत किरकोळ वाढ अपेक्षित" या वाक्यावर संपणारा. चला, किरकोळ म्हणजे किती ते काढू. दहा मेगावॉटचं केंद्र घ्या, लहानच म्हणायचं. इंधनातल्या उष्णतेपैकी पंचवीस टक्क्यांची वीज होते असं धरा. या आकाराच्या केंद्राला ते वाईट नाही. म्हणजे बॉयलरला चाळीस मेगावॉट उष्णता हवी. किलोमागे चौदा मेगाज्यूल देणारं तूस वापरलं तर तासाला दहा टनांहून थोडं जास्त लागेल, दिवसाला अडीचशे टनांच्या आसपास. दहा टनी ट्रक म्हटला तर रोज पंचवीस ट्रक भरून येणार आणि पंचवीस रिकामे परत जाणार. त्यातही तूस इतकं हलकं की घनमीटरला जेमतेम शंभर किलो भरतं. ट्रक शिगोशीग दिसतो आणि काट्यावर निम्मंही वजन दाखवत नाही. म्हणजे पंचवीसचे पन्नास धरा. वर ताडपत्री नीट बांधलेली नसली तर रस्ताभर तूस उडत जातं आणि दुचाकीवाल्याच्या डोळ्यात बसतं. राख वेगळीच. तुसातला सहावा-सातवा हिस्सा राखच असते, म्हणजे रोज चाळीसेक टन राखेचे ट्रक उलट दिशेला.

आमच्या यार्डाच्या फाटकाबाहेर सकाळी सहाला रांग लागायची. वजनकाट्याच्या खोलीच्या खिडकीतून मला समोरच्या घराचं अंगण दिसायचं. त्या घरातल्या आजी रोज धुतलेले कपडे वाळत घालायच्या आणि दुपारी काढताना आधी झटकायच्या. दोनदा, तीनदा. एकेक कपडा. पहिली काही वर्षं मला ती त्यांची सवय वाटायची.

इंग्लंडमध्ये विल्टशायरच्या क्रिकलेड या गावाजवळ साडेपाच मेगावॉटचं लहानसं बायोमास केंद्र होणार होतं. देशाचं धोरण बाजूने, तंत्रज्ञान बाजूने, आणि तरी ते झालं नाही. लोकांना ट्रकची, धुराड्याची धास्ती होती, आणि त्याहून मोठी तक्रार ही की सगळं ठरल्यावर आपल्याला सांगायला आलेत. याउलट अमेरिकेतल्या व्हरमॉंट राज्यातलं बर्लिंग्टन. तिथलं मॅकनील केंद्र ५० मेगावॉटचं, १९८४ पासून लाकडाच्या चिप्सवर चालतंय, तेही शहराच्या अंगाला लागून. त्याच्यासाठीचे कर्जरोखे काढायचे की नाही हे १९७८ साली शहराच्या मतदारांनी मतपेटीतून ठरवलं होतं. वस्तीतून ट्रक नकोत म्हणून सुमारे तीन चतुर्थांश चिप्स दूरच्या यार्डातून रेल्वेने आणायच्या अशी व्यवस्था केली. म्हणजे तिथले सगळे खूश आहेत असं नव्हे; लाकूड जाळावं की नाही यावर तिथेही आज वाद चालतात. पण भांडतात ते आपल्याच केंद्राबद्दल, आणि चाळीस वर्षं ते चालू आहे.

धुराबद्दल थोडक्यात. चांगला बॉयलर, कोरडं इंधन आणि धुरातले कण पकडणारा, नीट चालणारा बॅग फिल्टर किंवा ईएसपी (तेच काम विजेच्या भाराने करणारं यंत्र) असेल तर धुराड्यातून दिसण्याजोगं फार काही बाहेर पडत नाही. प्रश्न "असेल तर" मध्ये आहे. इंधन ओलं आलं की ज्वाला थंड पडते, अर्धवट जळतं, धूर वाढतो. काडात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त असतात, त्यांनी राख वितळून नळ्यांवर चिकटते, मग बॉयलर बंद करून ती फोडावी लागते आणि पुन्हा पेटवताना पहिले काही तास धूरच धूर. तुमच्या अहवालातले आकडे व्यवस्थित चालू असलेल्या दिवसाचे असतात. शेजारी मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस राहतात. मॅसॅच्युसेट्समधल्याच स्प्रिंगफील्ड शहरात ३५ मेगावॉटचं लाकडावरचं केंद्र व्हायचं होतं. अमेरिकेत दम्याच्या बाबतीत सगळ्यात वाईट गणल्या गेलेल्या शहरांपैकी ते एक. बारा-तेरा वर्षं लोक लढले, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने परवानगी मागे घेतली. ज्यांच्या घरात इनहेलर आहे त्यांना पत्रक वाटून काय होणार होतं?

आता यार्डात चला, कारण विश्वास कुठे तुटतो हे मी तिथेच बघितलं.

ट्रक काट्यावर चढला की आम्ही दोन गोष्टी बघायचो: वजन आणि ओल. पैसे वजनावर मिळायचे, पण बॉयलरला हवी असते उष्णता. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं पाणी असतं. ते पाणी आधी उकळून वाफ करून हाकलावं लागतं, त्यात उष्णता जाते, म्हणून ओल्या लाकडाच्या किलोतून मिळणारी उष्णता कोरड्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. हे पुरवठादाराला पुरतं माहीत असतं. म्हणून ट्रकच्या वरच्या थरात सुकं, भुरभुरीत, हातात घेतलं की सळसळणारं. नवीन पोरगा वरूनच मूठभर घेऊन मीटरला लावायचा, बारा टक्के ओल, सही, शिक्का. माझ्या आधीच्या माणसाने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की बाही वर कर आणि खांद्यापर्यंत हात घाल. खाली हात गेला की गार लागायचं. वास बदलायचा, आंबूस. कधी कधी आत चक्क कोमट असायचं, कारण ओला ढीग आतल्या आत कुजत तापत जातो. असाच तापत गेलेला ढीग पेटतोही. पेलेटच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांच्या, साठ्याला लागलेली मोठी आग २०१२ साली इंग्लंडमधल्या टिलबरी केंद्राने बघितलेली आहे.

मुद्दा असा, की इंधन काय आहे हे ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्याला हात खालपर्यंत घालावा लागतो. तुमची प्रमाणपत्रं बहुतेक वेळा वरची मूठ असतात. ब्रिटनमधलं ड्रॅक्सचं केंद्र घ्या. एके काळचं कोळशाचं अवाढव्य केंद्र, २०१३ ते २०१८ या काळात त्याचे सहापैकी चार संच लाकडी पेलेटवर आणले गेले, आणि पेलेट बहुतांशी अटलांटिकपलीकडून, अमेरिका-कॅनडातून येतात. ऑफजेम या तिथल्या नियामकाने चौकशी केली. कॅनडातून आलेल्या लाकडाच्या प्रकारांची माहिती नीट ठेवलेली आणि कळवलेली नाही असं दिसून आलं. मुद्दाम केल्याचा किंवा अनुदान चुकीचं घेतल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही नियामकाने सांगितलं, आणि ते सांगायलाच हवं. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने अडीच कोटी पौंड भरले. एवढ्या मोठ्या केंद्राला, एवढ्या कडक नियमांच्या देशात, आपण नेमकं कुठल्या प्रकारचं लाकूड जाळलं याची वही धड ठेवता आली नाही. मग मागच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा विचारलं तर हसण्यासारखं काय होतं?

शेतकऱ्यांबद्दल तुम्ही नेहमी म्हणता की ते तर आपल्याच बाजूचे, त्यांना कचऱ्याचे पैसे मिळतात. मिळतात, जोवर केंद्र चालतं तोवर. यॉर्कशायरमध्ये एगबरोजवळ आर्ब्रे नावाचा आठ मेगावॉटचा प्रकल्प होता, विलो या झाडाच्या फांद्यांचा वायू करून वीज करणारा. त्याच्या भरवशावर शेतकऱ्यांनी सुमारे दीड हजार हेक्टरवर विलो लावला. विलो काही गव्हासारखा नाही, लावल्यावर तीन-चार वर्षांनी तोडणीला येतो. कंपनी २००२ साली दिवाळखोरीत गेली आणि विलो शेतात उभाच्या उभा. असा एक प्रकल्प बुडाला की त्या पंचक्रोशीत पुढची वीस वर्षं कुणी करारावर सही करत नाही. तुम्ही त्याला "प्रतिकूल मानसिकता" म्हणता.

शिवाय कचरा म्हणजे कुणाचा कचरा? काल जे फुकट पडलेलं होतं ते केंद्र आल्यावर विकत जाऊ लागतं. जो ते जनावरांखाली अंथरत होता, चुलीत घालत होता, जमिनीत गाडत होता, त्याच्या वाट्याचं कमी होतं. शेतातलं सगळंच्या सगळं काड उचललं तर मातीला परत काय जाणार, हा प्रश्न तर मला एकाही सुनावणीत व्यासपीठावरून ऐकायला मिळालेला नाही. खालून दर वेळी येतो.

जिथे जमलं तिथे काय जमलं तेही बघा. जर्मनीतलं युंडे, जेमतेम साडेसातशे वस्तीचं गाव. गॉटिंगेन विद्यापीठाच्या लोकांनी अनेक गावांशी बोलून मग या गावाची निवड केली. २००५ साली तिथे बायोगॅसवर वीज आणि उष्णता देणारं केंद्र सुरू झालं, थंडीसाठी जोडीला लाकडाच्या चिप्सचा बॉयलर. मालकी तेव्हा गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेची होती. गावाला लागते त्याहून जास्त वीज होते, पण गावाला खरी गोडी लागली ती घरोघर नळीतून येणाऱ्या गरम पाण्याची, कारण घरातला तेलाचा बॉयलर गेला. तुमच्या नुसत्या विजेच्या केंद्रात इंधनातल्या चार भागांपैकी तीन भाग उष्णता कूलिंग टॉवर आणि धुराड्यातून आभाळात जाते. ती जवळच्या घरांना, कारखान्याला, धान्य वाळवणीला दिली तर त्याच इंधनाचे ऐंशी टक्क्यांहून अधिक कामी येतात. आणि शेजाऱ्याला धुराड्याकडे बघून "यातलं थोडं माझ्या घरात येतं" असं म्हणता येतं. बिहारमध्ये पश्चिम चंपारणातल्या तमकुहा गावात २००७ साली तुसाच्या वायूवर चालणारा छोटा संच बसला. वीज त्याच गावात दिव्यांना. त्या संचाने धूर सोडलाच नसेल असं नाही, पण तूस कुठल्या गिरणीचं आणि दिवा कुणाच्या घरात, हे पोरंसुद्धा सांगू शकत होती. पुढे तो संच बसवणाऱ्या कंपनीने सौर ऊर्जेची जोड घेतली, आणि त्यातही काही बिघडलं नाही.

ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग या गावाचं उदाहरण तुम्ही लोक फार देता, म्हणून सांगतो, पुढचा भागही देत जा. २००१ पासून तिथल्या, लाकडाचा वायू करून वीज करणाऱ्या केंद्राने जगभरचे पाहुणे ओढले, आणि २०१६ साली ते बंद पडलं, कारण ठरावीक जास्त दराने वीज विकायची मुदत संपल्यावर गणित जुळेना. लोकांना हेही आधी सांगायला काय हरकत आहे? अनुदान संपल्यावर काय, हा प्रश्न विचारणारा माणूस तुमचा शत्रू नसतो. बहुधा त्याने कधीतरी स्वतःचा धंदा केलेला असतो.

तर माझी मागणी मोठी नाही. अर्जात "बायोमास" हा शब्द एकटा वापरू नका. तूस असेल तर तूस लिहा, काड असेल तर काड, चिप्स असतील तर कुठल्या झाडाच्या आणि कुठल्या जंगलातल्या ते लिहा. मुख्य इंधन मिळालं नाही तर दुसरं काय जाळणार आणि काय कधीच जाळणार नाही, ते परवानगीतच घाला, म्हणजे मोडलं तर दाखवता येईल. रोज आलेल्या ट्रकची नोंद, माल, गाव, वजन, ओल, फाटकाबाहेरच्या फळ्यावर लावा. ही वही केंद्रात असतेच. मी बारा वर्षं लिहिली आहे, ती बाहेर टांगायला एक खिळा पुरतो. धुराड्याचे आकडे चालू दिवसाचे आणि बंद-चालू दिवसाचे वेगवेगळे दाखवा. जागा ठरवायच्या आधी या, ठरवून झाल्यावर नको. उष्णता कुणाला देणार ते आधी शोधा. कुणालाच देता येत नसेल तर केंद्र चुकीच्या जागी आहे, आणि तुसाऐवजी ओंडके जाळायचे असतील तर बहुधा कुठल्याच जागी बरोबर नाही. हे शेवटचं माझं मत आहे, तुम्हाला पटणार नाही, पण लिहून ठेवतो.

त्या सुनावणीचं इतिवृत्त नंतर मी मागवून घेतलं. बाईंच्या प्रश्नाची नोंद आहे: "इंधनाबाबत विचारणा करण्यात आली. समाधानकारक उत्तर देण्यात आले." पुढच्या सुनावणीला स्लाइड कमी करा आणि एक पोतं आणा. जे जाळणार आहात ते. व्यासपीठासमोर टेबलावर ओता आणि त्याबद्दल बोला.

कळावे,

आपला,
इंधन यार्डातला एक जुना माणूस

ता.क. पोतं भराल तेव्हा वर सुकं आणि खाली ओलं असं भरू नका. आमच्यातले काही जण खांद्यापर्यंत हात घालतात.